चूक झाली की कीबोर्ड गायब: सोलापूरच्या एका टायपिंग क्लासमधल्या एकसष्ट दिव्यांचं प्रकरण

सोलापुरात नवी पेठेच्या आसपास एक टायपिंग क्लास आहे. तिथे इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी, शिकवण्यासाठी सहा खास कीबोर्ड बसवले होते. प्रत्येकावर ६१ बटणं आणि प्रत्येक बटणाखाली एक रंगीत एलईडी. धड्यातलं पुढचं अक्षर ज्या बटणावर असेल ते बटण उजळायचं, विद्यार्थ्याने ते दाबलं की त्याच्या पुढचं. कल्पना क्लास चालवणाऱ्या मॅडमची होती. बांधणी केली होती त्यांच्या ओळखीतल्या, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने. काम नेटकं होतं. सोल्डरिंग स्वच्छ, फर्मवेअर (कीबोर्डातल्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) वाचायला सोपं, वायरिंगचा कागद जपून ठेवलेला.

तरीही तक्रारी आल्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. कोणी म्हणे, मधलीच दोन-चार अक्षरं पडद्यावर उमटत नाहीत. कोणी म्हणे, रंग वेडेवाकडे चमकतात, भलतंच बटण हिरवं होतं. काही विद्यार्थ्यांना मात्र कधीच काही त्रास झाला नव्हता. सकाळच्या बॅचपेक्षा दुपारच्या बॅचच्या तक्रारी जास्त होत्या आणि एप्रिल उजाडल्यावर त्या आणखी वाढल्या.

माझं काम पिक्सेल कंट्रोलरचं, म्हणजे रोषणाईचे रंगीत दिवे चालवणाऱ्या यंत्रांचं. गड्ड्याची जत्रा, गणपती, लग्नसराई या दिवसांत मंडपवाल्यांचे बंद पडलेले कंट्रोलर माझ्याकडे येतात. कीबोर्डमधला एलईडी आणि मंडपातला पिक्सेल एकाच घराण्यातले, म्हणून त्या विद्यार्थ्याने मला गाठलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, “सर, चूक झाली की कीबोर्डच जायलाय.” पुढच्या सगळ्या शोधाचं उत्तर त्या वाक्यात होतं. पण ते कळायला आधी मांडणी समजून घ्यावी लागते.

इन्स्क्रिप्टच का

सोलापुरात एका वर्गात मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. इन्स्क्रिप्टची रचना ध्वनींवर बेतलेली आहे आणि भारतीय लिप्यांना ती समान आहे. इंग्रजी ‘के’च्या बटणावर देवनागरीत क येतो, तेलुगूत त्या लिपीतला क आणि कन्नडमध्ये तिथला क. एकदा बोटं बसली की भाषा बदलली तरी जागा बदलत नाहीत. मॅडमचा आग्रह यासाठीच होता आणि मला तो पूर्ण पटतो. दिव्यांचा एकच धडा तिन्ही भाषांना चालतो.

मांडणी अशी की डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत उजव्या हाताच्या चार बोटांखाली र, क, त, च येतात. डाव्या हाताखाली ओकार, एकार, हलन्त आणि ऱ्हस्व वेलांटी. ‘सोलापूर’ लिहायचं तर एम, ए, एन, ई, एच, टी, जे अशी बटणं ओळीने दाबायची. ख, घ, थ यांसारखे महाप्राण शिफ्टवर आहेत, ळसुद्धा शिफ्टवर. म्हणजे ‘शाळा’सारख्या साध्या शब्दालाही दोन-दोन बटणं एकदम उजळावी लागतात, आणि शिफ्ट नेमकी विरुद्ध हाताची.

कोणतं बटण उजळायचं हे कीबोर्ड ठरवत नाही. संगणकावरचा धड्याचा छोटा पायथन प्रोग्रॅम ते ठरवतो आणि यूएसबीवरून ३२ बाइटचं पाकीट पाठवतो. कीबोर्डात क्यूएमके हे मुक्त फर्मवेअर आहे. त्यातल्या रॉ एचआयडी सोयीने हे पाकीट वाचलं जातं. पाकिटात आज्ञा अगदी मोजक्या होत्या: हे बटण उजळ, हे विझव, धडा सुरू, आणि ‘चूक’. ‘चूक’ आली की अख्खा कीबोर्ड लाल चमकायचा.

दिव्यांपर्यंत माहिती कशी पोहोचते

हे एलईडी डब्ल्यूएस२८१२बी जातीचे. प्रत्येकाच्या पोटात एक छोटी चिप असते. सगळ्यांना मिळून माहितीची एकच तार. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी मुख्य चिप, पहिल्या दिव्याला सगळ्यांचे रंग एका दमात पाठवतो. पहिला दिवा आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेले पुढे सरकवतो. पंगतीत बसलेल्याने आपल्यापुरती पोळी घेऊन ताट शेजाऱ्याकडे द्यावं तसं. २४ बिटांत आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा क्रम असतो. काही जातींत लाल आधी असतो, त्यामुळे लाल-हिरव्याची अदलाबदल दिसली तर आधी फर्मवेअरमधला हा क्रम बघावा. इथे तो बरोबर होता.

तारेवर घड्याळाची वेगळी रेषा नाही. शून्य आणि एक यांतला फरक फक्त वेळेचा: एका बिटाला साधारण १.२५ मायक्रोसेकंद, त्यात तार वर राहण्याचा काळ लहान असेल तर शून्य, मोठा असेल तर एक. लहान म्हणजे ०.४ मायक्रोसेकंदाच्या आसपास, मोठा म्हणजे ०.८ च्या आसपास. सगळं पाठवून झालं की तार काही काळ खाली ठेवायची, मग दिवे नवे रंग दाखवतात. हा विसाव्याचा काळ जुन्या माहितीपत्रकांत ५० मायक्रोसेकंद होता, नव्या आवृत्त्यांना २८० लागतात. क्यूएमकेमध्ये २८० हेच मूळ मूल्य आहे.

हिशेब करू. ६१ दिवे गुणिले २४ म्हणजे १४६४ बिट. त्यांना १.८३ मिलिसेकंद. विसावा धरून सव्वादोन मिलिसेकंदांच्या आत सगळा कीबोर्ड एकदा रंगवून होतो.

विद्यार्थ्याचा पहिला नमुना एटमेगा३२यू४ वर होता. ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे एका बिटासाठी मोजून वीस ठोके. तिथे प्रोसेसर स्वतः ठोके मोजत तार वर-खाली करतो आणि मोजणी बिघडू नये म्हणून तेवढा वेळ इंटरप्ट, म्हणजे मधेच दुसरं काम पुढे करणारे इशारे, बंद ठेवतो. या काळात बटणांची पाहणी थांबते. मिलिसेकंद मोजणारा टायमरसुद्धा एखादा ठोका गमावतो, कारण दोन ठोके आले तरी खूण एकाचीच राहते. दर सोळा मिलिसेकंदांनी रंग पाठवले तर दहातला एक हिस्सा वेळ प्रोसेसर दिव्यांतच गुंतलेला. माणसाचं बोट बटणावर याहून कितीतरी जास्त वेळ असतं, त्यामुळे अक्षर हरवत नाही, पण थोडा उशीर होऊ शकतो. त्यात त्या चिपची प्रोग्रॅम साठवणारी फ्लॅश ३२ किलोबाइट आणि नवा प्रोग्रॅम चढवणारा बूटलोडर वगळता उरते २८. धड्याच्या आज्ञा आणि रंगांचे इफेक्ट घातल्यावर ती भरली.

म्हणून त्याने आरपी२०४० हा दुसरा मायक्रोकंट्रोलर घेतला, आणि हा निर्णय माझ्या मते अगदी योग्य होता. या चिपमध्ये पीआयओ नावाचे दोन स्वतंत्र गट आहेत, प्रत्येकात चार छोटी यंत्रं. त्यांना स्वतःच्या मोजक्या सूचना देता येतात आणि मग ती प्रोसेसरला न विचारता पिन हलवतात. या चिपसाठीच्या पिको एसडीके या साहित्यसंचातल्या नमुन्यात डब्ल्यूएस२८१२ साठी अवघ्या चार सूचना पुरतात. क्यूएमकेमध्ये ‘व्हेंडर’ हा ड्रायव्हर निवडला की हेच होतं. रंगांची यादी डीएमए ही प्रोसेसरशिवाय माहिती हलवणारी सोय पीआयओकडे ओतत राहते आणि प्रोसेसर बटणं पाहायला मोकळा.

संशय चुकीच्या दिशेला का गेला

जुन्या नमुन्यात रंग कधीच बिघडले नव्हते. नव्या बोर्डात ते बिघडले. बदललं काय होतं? मायक्रोकंट्रोलर आणि ड्रायव्हर. साहजिकच विद्यार्थ्याने संशय पीआयओच्या वेळेवर घेतला. त्याने शून्याचा काळ, एकाचा काळ, विसावा हे सगळे आकडे फर्मवेअरमध्ये पुढे-मागे करून पाहिले. कधी सुधारल्यासारखं वाटायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच.

दुसरा गोंधळ जागेचा. क्लासच्या संगणकांना पोर्ट कमी, म्हणून कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह एका साध्या हबवर होते. हबवर रंग ठीक दिसायचे, पण कीबोर्ड मधेच जायचा. कीबोर्ड संगणकाच्या मागच्या पोर्टात थेट लावला की जाणं थांबायचं, पण रंग नाचायला लागायचे. यावरून त्याने मागचे पोर्ट खराब आहेत असं मानलं आणि सगळे कीबोर्ड परत हबवर आणले.

या दोन निरीक्षणांना मी खूप महत्त्व दिलं, कारण ती एकमेकींच्या उलट होती. एकच दोष असता तर तो एका जागी वाढला असता आणि दुसऱ्या जागी कमी झाला असता. इथे जागा बदलली की एक दोष जाऊन दुसरा यायचा. म्हणजे दोष दोन, आणि दोघांना जोडणारी गोष्ट एक: त्या जागी मिळणारा वीजपुरवठा.

पहिला दोष: ३.३ आणि ५ व्होल्ट

एटमेगा ५ व्होल्टवर चालत होता, त्याची पिनही ५ व्होल्ट द्यायची. आरपी२०४० ची पिन ३.३ व्होल्ट देते. डब्ल्यूएस२८१२बी च्या माहितीपत्रकात ‘एक’ ओळखण्याचा उंबरठा स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पट दिला आहे. दिव्याला ५ व्होल्ट मिळत असतील तर हा उंबरठा ३.५ होतो. पिनचे ३.३ त्याच्या खाली. खाली असूनही बऱ्याचदा चालतं, कारण उत्पादक थोडा वाव ठेवतो, आणि म्हणूनच हा दोष टेबलावर सापडत नाही.

आता हबकडे पाहा. लांब वायर, पातळ तांबं, त्यावर तीन उपकरणं. दिव्यांपाशी मल्टिमीटर लावला तेव्हा व्होल्टेज साडेचार ते पावणेपाचच्या मध्ये मिळालं. ४.६ धरलं तर उंबरठा ३.२२ वर येतो आणि ३.३ त्याच्या वर बसतं. म्हणजे हबवरचा अशक्त पुरवठाच रंगांना सांभाळत होता. मागच्या पोर्टात ५.१ व्होल्ट भक्कम मिळाले की उंबरठा ३.५७ आणि रंग बिघडले. पोर्ट खराब नव्हते, उलट तेच चांगले होते.

पहिल्या दिव्याने एखादा बिट गमावला तर बिघाड त्याच्यापुरता राहत नाही. तो जे वाचतो तेच नव्याने घडवून पुढे देतो, त्यामुळे मागून येणारी सगळी माहिती एका बिटाने सरकते आणि शेवटच्या ओळीतलं बटण भलत्याच रंगात पेटतं. विद्यार्थ्याला बिघाड ‘कुठेही’ दिसत होता तो यामुळे. मुळाशी जागा एकच होती, मायक्रोकंट्रोलर आणि पहिला दिवा यांच्यामधली. पहिल्या दिव्यानंतरच्या सगळ्या दिव्यांना संकेत शेजारच्या दिव्याकडून, ५ व्होल्टच्या पातळीचा मिळतो. मंडपातल्या पट्ट्यांवरही हेच दिसतं: कंट्रोलर नवा ३.३ व्होल्टचा आणि पट्टी ५ व्होल्टची असेल तर पहिल्या पिक्सेलपासून तमाशा सुरू.

ऑसिलोस्कोपवर संकेताच्या वेळा तपासल्या. त्या नेमक्या होत्या. पीआयओ आपलं काम बिनचूक करत होता. म्हणून फर्मवेअरमधले वेळेचे सगळे आकडे मूळ जागी आणले.

तयार सहा बोर्डांवर इलाज असा केला. पहिला दिवा म्हणजे एस्केप बटणाखालचा. त्याच्या पुरवठ्याचा ट्रॅक कापला आणि मध्ये १एन४१४८ हा साधा डायोड घातला. डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट पडतात. पोर्टवर ५ असतील तर या दिव्याला ४.३ मिळतात, उंबरठा ३.०१ होतो आणि ३.३ सहज पार होतो. हा दिवा पुढच्याला ४.३ चा संकेत देतो, तो पुढच्याच्या ३.५ च्या वर. पोर्ट यूएसबीच्या वरच्या मर्यादेला, ५.२५ ला असेल तेव्हाही हिशेब जुळतो: ४.५५ चा ०.७ पट म्हणजे ३.१९, आणि पुढच्याला लागतात ३.६८. एस्केपचा निळा रंग किंचित मंद पडतो, पण धड्यात एस्केप कधी लागतच नाही. डायोड सोलापुरातल्या कुठल्याही पार्टच्या दुकानात काही रुपयांत मिळतो, हाही मोठा फायदा.

बोर्ड नव्याने काढायचा असेल तर मी डायोडवर थांबणार नाही. ७४एएचसीटी१२५ सारखा बफर ५ व्होल्टवर चालवून मध्ये घालावा. ‘एएचसीटी’मधला ‘टी’ महत्त्वाचा आहे: या चिपा २ व्होल्टच्या वरचा संकेत ‘एक’ मानतात आणि बाहेर पूर्ण ५ देतात. नुसता ‘एएचसी’ घेतला तर त्याचाही उंबरठा पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे प्रश्न जागचा तिथेच. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देऊ शकतो, तेव्हा चिपेवरची अक्षरं वाचून घ्यावीत. एसटीएम३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या काही पिना ५ व्होल्ट सहन करतात, तिथे ओपन ड्रेन आणि बाहेरून पुल-अप अशी युक्ती चालते: पिन तार फक्त खाली ओढते, वर नेतो तो ५ व्होल्टला जोडलेला रोध. आरपी२०४० च्या पिना तेवढं सहन करत नाहीत, त्यामुळे तो मार्ग इथे बंद.

दुसरा दोष: चुकीची शिक्षा

आता अक्षरं गायब होण्याकडे. मॅडमनी तक्रारींची वही ठेवली होती, तारखेसकट आणि विद्यार्थ्याच्या नावासकट. त्या वहीने माझं निम्मं काम केलं. ज्यांना कधीच त्रास झाला नव्हता ते सगळे वेगाने आणि बिनचूक टाइप करणारे होते. नव्याने आलेल्यांना, जास्त चुका करणाऱ्यांना सर्वात जास्त त्रास. ‘चूक झाली की कीबोर्डच जायलाय’ हे अक्षरशः खरं होतं: चूक झाली, ‘चूक’ आज्ञा आली, ६१ दिवे लाल झाले, आणि संगणकाने यूएसबी निघाल्याचा आवाज केला.

रंगांच्या वाटेला येणारा प्रवाह मोजू. या दिव्यांत प्रत्येक रंगाला साधारण १२ मिलिअँपियर लागतात. जुन्या आवृत्त्यांत २० लागायचे. ६१ दिवे पूर्ण लाल म्हणजे ७३२. दिवा काळा असला तरी त्याच्या पोटातली चिप मिलिअँपियरभर घेते, ते ६१. मायक्रोकंट्रोलरसाठी ५० राखले तर एकूण ८४३. यूएसबी २.० च्या पोर्टाकडून हक्काने मागता येतात ५००. आणि जो हब स्वतःच संगणकाकडून वीज घेतो, त्याच्या एका पोर्टाच्या वाट्याला नियमाने येतात फक्त १००. धडा सुरू होताना कीबोर्ड क्षणभर पांढरा व्हायचा, तेव्हा तर प्रत्येक दिव्याचे तिन्ही, म्हणजे १८३ रंग पेटून मागणी दोन अँपियरच्या वर जायची. अनेकांचा कीबोर्ड धड्याच्या पहिल्याच क्षणाला जायचा, तो यामुळेच.

दुपार आणि एप्रिलचा संबंधही इथेच लागतो. हबमध्ये आणि अनेक संगणकांच्या पोर्टांमागे पॉलिफ्यूज असतो. प्रवाह वाढला की तो तापतो आणि वाट अडवतो. भोवतालची हवाच तापलेली असेल तर तो कमी प्रवाहालाही अडतो, आणि थंड होऊन पुन्हा जोडायला जास्त वेळ घेतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, तोच हब सकाळपेक्षा लवकर हात टेकतो.

आता यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. विद्यार्थ्याने प्रवाहाचा विचार केला होता. फर्मवेअरमध्ये उजेडाची कमाल मर्यादा २५५ वरून, म्हणजे पूर्ण उजेडावरून, बरीच खाली आणून ठेवली होती, आणि त्याच्या हिशेबाने कीबोर्ड ५०० च्या आत बसत होता. पण क्यूएमकेमध्ये ही मर्यादा इफेक्टच्या रंगांना लागते, जे रंगछटा-गडदपणा-उजेड अशा रूपात मोजले जातात. एखाद्या दिव्याला थेट लाल-हिरवा-निळा आकडा देणारं जे फंक्शन आहे, ते या मर्यादेला विचारत नाही. धड्याचा सगळा कोड हेच फंक्शन वापरत होता आणि लालसाठी २५५ पाठवत होता. मर्यादा लिहिलेली होती, पण या वाटेवर ती लागूच नव्हती. क्यूएमके वापरणाऱ्या कोणालाही मी हे आवर्जून सांगतो: स्वतः रंग देत असाल तर उजेडाचा गुणाकार स्वतः करा.

खात्रीसाठी एकच बदल करून पाहिला. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून ‘चूक’ आणि ‘धडा सुरू’ या दोन आज्ञांचा उजेड शून्य केला. हबवर, भर दुपारी, कीबोर्ड एकदाही गेला नाही.

काय बदललं

पहिला बदल मॅडमच्या सांगण्यावरून झाला आणि तोच सर्वात मोलाचा ठरला. अख्खा कीबोर्ड लाल करण्याची गरजच काय? विद्यार्थ्याला जाणून घ्यायचं असतं की आपलं बोट कुठे पडलं आणि कुठे पडायला हवं होतं. म्हणून आता चुकीचं दाबलेलं बटण नारिंगी होतं आणि बरोबरचं निळं राहतं. दोन दिवे, पूर्ण उजेडात असले तरी शंभर मिलिअँपियरच्या आत. लाल-हिरवी जोडी मुद्दाम टाळली, कारण रंग ओळखण्यात अडचण असलेल्या बऱ्याच जणांना, विशेषतः मुलग्यांना, तेवढाच फरक कळत नाही. नवा विद्यार्थी चुकला की सबंध कीबोर्ड लालभडक व्हायचा आणि शेजारच्या सगळ्यांना ते दिसायचं, हे मॅडमना पहिल्यापासून आवडत नव्हतं. मलाही ते वाईट वाटलं. चुकणाऱ्याला वर्गासमोर उघडं पाडणं हा शिकवण्याचा भाग असू नये.

दुसरा बदल फर्मवेअरमधला हिशेबनीस. धड्याचे सगळे रंग आता एकाच फंक्शनमधून जातात. ते रंग दिव्यांकडे पाठवण्याआधी सगळ्या दिव्यांच्या तिन्ही आकड्यांची बेरीज करतं. दिव्यांसाठी ३०० मिलिअँपियर राखले आहेत. ३०० भागिले १२ म्हणजे पूर्ण पेटलेले २५ रंग, म्हणजे बेरीज ६३७५ च्या आत. बेरीज जास्त झाली तर सगळ्यांचा उजेड त्याच प्रमाणात उतरतो. उद्या कोणी पुन्हा सगळा कीबोर्ड लाल केला तर प्रत्येक दिव्याला १०४ च्या आसपास मिळेल, पांढरा केला तर ३४. खोलीत ३४ चा पांढराही डोळ्यांना भरपूर होतो. बेरजेला लागणारा वेळ आरपी२०४० साठी नगण्य आहे.

यात एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे दिवे मंद होतात म्हणजे प्रवाह कमी घेत नाहीत. ते तेवढाच प्रवाह थोडा थोडा वेळ घेतात, वेगाने चालू-बंद होत. बेरीज सांगते ती सरासरी. सगळे दिवे योगायोगाने एकाच क्षणी चालू अवस्थेत आले तर क्षणभराचा झटका मोठाच असतो. त्यावर लोक मोठा कपॅसिटर लावायला सांगतात. पट्टीच्या सुरुवातीला हजार मायक्रोफॅरड हा मंडपातला नेहमीचा सल्ला आहे. यूएसबीवर तो तसाच उचलू नये, कारण नियमाने उपकरणाने पोर्टाला जोडताना १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त दाखवायचं नाही; मोठा कपॅसिटर जोडताक्षणीच झटका देतो. प्रत्येक दिव्याजवळ १०० नॅनोफॅरड होतेच, ते पुरेसे मानले. खरा बचाव एकाच वेळी थोडेच दिवे पेटवण्यात आहे.

तिसरा बदल वायरचा. कीबोर्ड मागच्या पोर्टात थेट, हबवर फक्त माउस आणि पेन ड्राइव्ह. डायोड बसल्यावर मागच्या पोर्टात रंग नाचत नाहीत, त्यामुळे हे आता शक्य झालं. हा क्रम महत्त्वाचा होता. आधी कीबोर्ड हलवले असते तर रंगांच्या तक्रारी वाढल्या असत्या आणि सगळ्यांनी पुन्हा फर्मवेअरला दोष दिला असता.

या निमित्ताने मॅडमनी आणखी एक मागणी केली. टायपिंग शिकायचं म्हणजे नजर पडद्यावर ठेवायला शिकायचं, आणि उजळणारं बटण नजर खाली ओढतं. नव्या विद्यार्थ्याला हा आधार लागतो, पण तो कायम राहिला तर सवय बिघडते. म्हणून आता धडे पुढे जातात तसा दिवा उशिरा लागतो. सुरुवातीच्या धड्यांत लगेच, नंतर विद्यार्थी क्षणभर अडला तरच, आणि शेवटच्या धड्यांत फक्त जोडाक्षरांना. ‘क्ष’साठी के, डी आणि शिफ्टसह स्वल्पविराम ही तीन पावलं नव्या माणसाला आठवत नाहीत, तिथे दिवा खरोखर उपयोगी पडतो. उशिराचा काळ संगणकावरचा प्रोग्रॅम मोजतो. कीबोर्डला त्यातलं काहीच माहीत नाही आणि तसंच असावं. फर्मवेअर जितकं कमी जाणेल तितकं सहा बोर्ड सांभाळणं सोपं.

इलाजानंतर मे महिन्याच्या दुपारच्या बॅचमध्ये कीबोर्ड जाण्याची तक्रार वहीत आली नाही. रंगांची एक आली. एका बोर्डावर डायोडचा सोल्डर कच्चा राहिला होता. एस्केप विझायचा आणि त्याच्या मागचे सगळे दिवे जुन्या रंगात अडकायचे. सोल्डर पक्का केल्यावर तेही मिटलं.

पुढच्या बॅचसाठी विद्यार्थी नवीन बोर्ड काढतो आहे. त्यात बफर असेल, माहितीच्या तारेवर ३३० ओहमचा रोध असेल, आणि दिव्यांचा ५ व्होल्ट पुरवठा एका पी-चॅनल मॉस्फेटमधून, म्हणजे विजेची वाट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून, जाईल. मॉस्फेट कशासाठी, तर संगणक झोपला की यूएसबीवरच्या उपकरणाने २.५ मिलिअँपियरवर उतरायचं असतं, आणि हे दिवे काळे असतानाही साठ-एक घेतात. क्यूएमके झोपेच्या वेळी रंग विझवतं, पण दिव्यांच्या पोटातल्या चिपा जाग्याच राहतात. त्यांचा पुरवठाच तोडावा लागतो, आणि पुरवठा तोडण्याआधी माहितीची पिन खाली आणावी लागते, नाहीतर त्या पिनवाटे पहिल्या दिव्यात वीज झिरपत राहते. बफरच्या इनेबल पिनवर तोच संकेत जोडला की या दोन्ही गोष्टी एकदम होतात. मात्र बंद बफरची बाहेर जाणारी मोकळी बाजू १० किलोओहमच्या रोधाने ग्राउंडला बांधायची.